सहा आठवड्यांत संख्याशास्त्र: एका उन्हाळी अभ्यासक्रमाचा माझा अनुभव

माहितीपत्रकात 'रोज फक्त दीड तास' असं छापलेलं होतं. नाव नोंदवणाऱ्याने आधी हे वाक्य मनातून काढून टाकावं. वर्ग दीड तासाचा असतो, अभ्यास साडेचार तासांचा असतो. हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझे पहिले आठ दिवस बरे गेले असते.

हिशेब साधा आहे. एरवी हाच विषय पंधरा आठवड्यांच्या सत्रात शिकवतात, आठवड्याला तीन तास, म्हणजे एकूण ४५ तास. उन्हाळ्यात सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज दीड तास. तेही ४५ तासच. शिकवण्याच्या तासांत त्यांनी काटछाट केलेली नाही, हा या अभ्यासक्रमाचा प्रामाणिकपणा मला पहिल्यापासून आवडला. पण वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास बसावं लागतं, आणि ते कमी होत नाहीत. सत्रात ते आठवडाभर पसरलेले असतात, इथे सगळे त्याच दिवशी समोर येतात. वर्गाचे दीड आणि घरचे तीन. नोकरी चालू ठेवून हे जमेल असं वाटत असेल तर पुन्हा विचार करा. मला जमलं, कारण मी शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि सुट्टी माझ्या हातात होती.

मी संख्याशास्त्राकडे वळले ते एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे. आठवीच्या प्रकल्पात तिने घेवड्याची रोपं दोन ट्रेमध्ये वाढवली होती, प्रत्येकात बारा. एका ट्रेला सकाळी पाणी घातलं, दुसऱ्याला संध्याकाळी. तीन आठवड्यांनी संध्याकाळच्या ट्रेतली रोपं सरासरी १.४ सेंटिमीटरने जास्त उंच निघाली. तिने वही पुढे करून विचारलं, "मॅडम, हा फरक खरा आहे की असाच आलाय?" मी उन्हाचं, मातीचं, बियांच्या दर्जाचं काहीबाही बोलले, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, कारण मला ते येत नव्हतं. सोळा वर्षं प्रयोग करून घेतल्यावर ही गोष्ट मला टोचली.

पहिला आठवडा आकडेवारी मांडण्याचा होता. मला वाटलं होतं, सरासरी आणि मध्यक तर येतातच, तर हा भाग झोपेत जाईल. दुसऱ्याच दिवशी आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी चार तक्ते दिले, प्रत्येकात आकड्यांच्या अकरा जोड्या. सरासरी काढा, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) काढा, सहसंबंध (जोडीतले दोन आकडे किती एकत्र वाढतात-घटतात त्याचं माप) काढा. चारही तक्त्यांची उत्तरं जवळपास तंतोतंत एकच आली: जोडीतल्या पहिल्या आकड्यांची सरासरी ९, दुसऱ्यांची ७.५, सहसंबंध ०.८२ च्या आसपास. मग म्हणाल्या, आता आलेख काढा. एकात ठिपके सरळ रेषेभोवती विखुरलेले, दुसऱ्यात सुबक कमान, तिसऱ्यात एक ठिपका सगळ्यांपासून दूर पळालेला, चौथ्यात दहा ठिपके उभ्या रेषेत आणि अकरावा एकटा लांब. हे तक्ते संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस ॲन्स्कोम यांनी १९७३ मध्ये मुद्दाम तयार केले होते. त्या दिवसानंतर मी कोणत्याही प्रकल्पाची नुसती सरासरी स्वीकारलेली नाही, आधी आलेख मागते.

मॅडम शिकवण्याआधी हाताने करायला लावतात. आधी आकडे तुमच्या वहीत येतात, मग फळ्यावर सूत्र येतं. वर्गात कधीकधी त्यामुळे गोंधळ व्हायचा, पण पद्धत बरोबर आहे. पुढे जे टिकलं ते याच पद्धतीमुळे टिकलं.

अमेरिकेतल्या बर्कलीचं उदाहरण सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत १९७३ मध्ये पदव्युत्तर प्रवेशासाठी ८,४४२ पुरुषांनी अर्ज केले आणि त्यातल्या ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला. बायकांचे अर्ज ४,३२१ होते, प्रवेश ३५ टक्के. मॅडमनी विचारलं, भेदभाव झाला का? वर्गातले जवळजवळ सगळे हात वर गेले, माझाही. मग विभागवार आकडे वाटले. सर्वांत मोठ्या सहा विभागांपैकी पहिल्यात बायकांना ८२ टक्के प्रवेश होता आणि पुरुषांना ६२. इतर बऱ्याच विभागांत फरक किरकोळ होता. बायकांचे अर्ज मुख्यतः अशा विभागांकडे गेले होते जिथे कोणालाच सहजासहजी प्रवेश मिळत नव्हता. तीच माहिती एकत्र केली की एक गोष्ट सांगते आणि वेगळी केली की दुसरी. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "पण मग बायका कठीण विभागांकडेच का जातात, हा प्रश्न उरतोच ना?" मॅडमनी त्याला थांबवलं नाही. वर्ग वीस मिनिटं जास्त चालला आणि कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

दुसरा आठवडा संभाव्यतेचा होता आणि तो लांबला. नाणी, फासे, पिशवीतले लाल-निळे चेंडू, पुन्हा नाणी. पाचऐवजी तीन दिवसांत आवरलं असतं तर शेवटी जी धावपळ झाली ती टळली असती. तिसऱ्या आठवड्यातलं नॉर्मल वितरण, म्हणजे मध्ये गर्दी आणि दोन्ही टोकांना विरळ होत जाणारी घंटेसारखी मांडणी, मात्र नेटकं झालं.

चौथ्या आठवड्यात माझे दोन दिवस बुडाले. घरात आजारपण होतं, इलाज नव्हता. इथे उन्हाळी वर्गाचा दुसरा हिशेब कळला: सत्रात आठवड्याला दीड तासाचे असे दोनच वर्ग होतात, म्हणजे माझा सत्रातला अख्खा आठवडा गेला. सँपलिंग डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे पुन्हा पुन्हा नमुना घेतला तर त्याची सरासरी किती हलते ते, नेमकं त्या दोन दिवसांत झालं, आणि ते चुकलं की पुढचं काही उभं राहत नाही. परत आले तेव्हा फळ्यावर कॉन्फिडन्स इंटरव्हल (नमुन्यावरून खऱ्या सरासरीसाठी काढलेला अंदाजाचा पट्टा) होता आणि मला त्यातलं काही लागत नव्हतं. कार्यालयात विचारलं, तर बुडालेल्या तासांसाठी काही सोय नाही असं उत्तर मिळालं. तासांचं चित्रण होत नाही. टिपणं द्यायची की नाही ते शिकवणाऱ्यावर. मॅडमनी स्वतःहून दुपारी पाऊण तास बसून समजावलं, त्यांचे उपकार आहेतच. पण संस्थेने ही गोष्ट एका माणसाच्या चांगुलपणावर सोडू नये. सहा आठवड्यांत तीस वर्ग घेताय तर प्रत्येक आठवड्यात एक उजळणीचा तास ठेवा. त्याशिवाय आजारी पडणाऱ्या माणसाला हा अभ्यासक्रम करता येणार नाही.

मला वाचवलं ते शेजारी बसणाऱ्या मुलाने. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. वर्षभरात त्याचा हा एकच विषय राहिला होता. माझ्या पोरीएवढं वय, मला काकू म्हणायचा. सुरुवातीला मान खाली घालून बसायचा, जणू तिथे असणं हीच शिक्षा आहे. पण त्याने हे सगळं एकदा ऐकलेलं होतं. कुठे घसरायला होतं हे त्याला पाठ होतं, कारण तो तिथेच घसरला होता. "काकू, इथे एन नाही, एनचं वर्गमूळ घ्यायचं, मी याच्यातच गेलो होतो," असं तो सांगायचा (एन म्हणजे नमुन्यातली संख्या) आणि ती गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसायची. मी त्याला शाब्दिक उदाहरणं वाचून नेमकं काय विचारलंय ते काढायला शिकवलं. उन्हाळी वर्गात बावीस जण होतो: कोणाचा विषय राहिलेला, कोणी पुढच्या वर्षाचं आधी करून ठेवणारे, दोघं नोकरीत बढतीसाठी आलेले, मी एक शिक्षिका. एरवीच्या वर्गात एका वयाची मुलं असतात. इथल्या या भेसळीचा फायदा होतो, आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नाही.

पाचव्या आठवड्यातला मंगळवार मी विसरणार नाही. मॅडमनी विचारलं, कोणाकडे स्वतःचे आकडे आहेत का? मी घेवड्याच्या रोपांच्या नोंदींची पानं काढली. चोवीस उंच्या चोवीस चिठ्ठ्यांवर लिहायला सांगितल्या, प्रत्येकाने आपापला संच केला. मग म्हणाल्या, समजा पाण्याच्या वेळेने काहीच फरक पडत नाही. तसं असेल तर कोणतं रोप कोणत्या ट्रेत होतं याला अर्थ नाही. चिठ्ठ्या पिसा, बारा-बाराचे दोन गट करा, सरासरीतला फरक लिहा. पन्नास वेळा.

बावीस जण, पन्नास वेळा, अकराशे पिसण्या. कागदांची सळसळ आणि गणकयंत्राच्या बटणांचा आवाज, बाकी शांतता. चोवीस रोपांचे बारा-बाराचे गट करायच्या एकूण रीती २७,०४,१५६ आहेत, त्यांतल्या अकराशे आम्ही पाहिल्या. शेवटी फळ्यावर मोजणी झाली: १.४ किंवा त्याहून जास्त फरक, इकडे किंवा तिकडे, निव्वळ पिसण्यामुळे ९४ वेळा आला होता. साडेआठ टक्के. म्हणजे पाण्याच्या वेळेने काही फरक पडत नसतानाही बारा वेळांतून एकदा एवढा फरक आपसूक दिसू शकतो. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर होतं: फरक असू शकेल, पण एवढ्या रोपांवरून खात्री देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी टी-टेस्टचं, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक पारखण्याचं, सूत्र लिहिलं, त्याच आकड्यांवर चालवलं, आणि उत्तर चिठ्ठ्यांच्या साडेआठ टक्क्यांच्या अगदी जवळ आलं. मग त्यांनी सांगितलं की हे सूत्र ज्याच्या नावावर आहे त्या विल्यम गॉसेटनेही चिठ्ठ्याच पिसल्या होत्या. तो डब्लिनच्या गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीत काम करायचा. हातात नमुने लहान असायचे, आणि त्या वेळच्या पद्धती मोठ्या नमुन्यांसाठी होत्या. त्याने ३,००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी कार्डांवर लिहिली, कार्डं पिसली, चार-चारचे ७५० गट केले आणि आपलं गणित त्यांच्याशी ताडून पाहिलं. १९०८ मध्ये ते 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं. आदल्या दिवशी आम्ही तेच करत होतो, म्हणून ही गोष्ट आम्हाला इतिहासासारखी वाटली नाही. मी आजवर पाहिलेल्या उत्तम तासांत हे दोन तास धरीन, माझे स्वतःचे तास धरूनही.

आता तक्रारी. पहिली गंभीर आहे. मधली चाचणी तिसऱ्या शुक्रवारी झाली आणि तपासलेले पेपर नऊ दिवसांनी हातात आले. पंधरा आठवड्यांच्या सत्रात नऊ दिवस चालतात. सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात तोवर चौथा आठवडा संपून पाचवा सुरू होतो. संभाव्यतेत मी एकच चूक तीन ठिकाणी केली होती आणि ती मला कळली तेव्हा त्यावर दोन प्रकरणं चढून बसली होती. नाव मागे घ्यायची शेवटची तारीख दुसऱ्या शुक्रवारी होती, म्हणजे पहिले गुण कळायच्या आधीच दार बंद. ज्यांचं गाडं अडलेलं होतं त्यांना ते अडलंय हे सांगायला कोणी नव्हतं. पेपर तपासणारे बाहेरचे असतात असं कळलं. मग त्यांना तीन दिवसांची मुदत द्या, नाहीतर चाचणी घेऊच नका.

दुसरी तक्रार ग्रंथालयाची. उन्हाळ्यात ते दुपारी लवकर बंद व्हायचं, नेमकं आमचा वर्ग सुटल्यावर तासाभरात. घरचे तीन तास बसायला ज्यांच्या घरी जागा नाही, त्यांनी कुठे जावं? आम्ही काही जण रिकाम्या वर्गात बसायचो, तिथून शिपाईदादा कुलूप लावायला येईपर्यंत.

तिसरी, आणि माझ्या मते अभ्यासक्रमाच्या आखणीतली मुख्य चूक, शेवटच्या आठवड्याची. काय-स्क्वेअर (मोजणीच्या तक्त्यांतला फरक पारखणारी चाचणी) आणि रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज करणारी रेषा) दोन्ही सहाव्या आठवड्यात कोंबले आणि शुक्रवारी अंतिम परीक्षा. गुरुवारी शिकवलेलं शुक्रवारी विचारलं. परीक्षेत आलंही, कारण ताजं होतं. ५० पैकी ४१ मिळाले. आनंद झाला.

शाळा सुरू होऊन तीन महिने झाल्यावर एका रविवारी मी तोच पेपर कोरा काढला, घड्याळ लावलं आणि पुन्हा सोडवला. २९. कोणते गुण गेले ते पाहिलं तर चित्र स्पष्ट होतं. आलेख वाचणं शाबूत, बर्कलीसारखा प्रश्न शाबूत, दोन गटांतल्या फरकाचा प्रश्न पूर्ण बरोबर. काय-स्क्वेअरमध्ये डिग्रीज ऑफ फ्रीडम (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) कसे मोजायचे ते पार पुसलेलं. रिग्रेशनच्या प्रश्नाला मी हातही लावू शकले नाही. पहिल्या आठवड्यातल्या गोष्टी तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आठवड्यात पुन्हा लागत होत्या, म्हणून मुरल्या. सहाव्या आठवड्यातल्या एकाही गोष्टीला दुसऱ्यांदा हात लागला नाही.

शिक्षिका म्हणून हे मला माहीत असायला हवं होतं. दर वर्षी जूनचे पहिले पंधरा दिवस मागचं उजळण्यात जातात. अमेरिकन संशोधक हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुट्टीतल्या विसरण्यावरचे ३९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांना आकडेमोड आणि स्पेलिंग यांत जास्त घसरण दिसली होती. मी ते मुलांच्या संदर्भात वाचलं होतं, स्वतःला लावून पाहिलं नव्हतं. पण एक दिलासाही आहे. सहाव्या आठवड्याचा जो भाग तेव्हा पाच संध्याकाळी घेऊन बसला होता, तो पुन्हा करायला मला दोन संध्याकाळी पुरल्या. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर निरर्थक अक्षरं पाठ करण्याचे प्रयोग करून हेच मोजलं होतं: विसरलेलं पुन्हा शिकताना किती वेळ वाचतो. माझे तीन दिवस वाचले.

म्हणून हा अभ्यासक्रम करणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: परीक्षा झाली की वही ठेवून देऊ नका. दोन आठवड्यांनी एक संध्याकाळ, मग महिन्याने एक, आणि त्यात शेवटच्या आठवड्यातलीच उदाहरणं सोडवा. संस्थेला सांगणं असं की सहाव्या आठवड्यात नवीन काही शिकवू नका. संभाव्यतेतले दोन दिवस कापा, रिग्रेशन पाचव्या आठवड्यात आणा, शेवटचे पाच दिवस फक्त मिश्र उदाहरणं. तासांची संख्या तीच राहील.

कोणी करावा? ज्याचा विषय राहिलाय आणि जो उन्हाळ्यात दुसरं काही करत नाही, त्याने जरूर करावा. डोक्यात एकच विषय असण्याचा फायदा फार मोठा आहे. सकाळी जे अडलं ते दुसऱ्या सकाळी विचारता येतं, पाच दिवस थांबावं लागत नाही. माझ्या शेजारचा मुलगा चांगल्या गुणांनी सुटला. शिक्षकांनी करावा, विशेषतः प्रकल्प तपासणाऱ्यांनी. एकाच उन्हाळ्यात दोन विषय घेण्याचा विचार मात्र सोडून द्या. आमच्यातल्या तिघांनी तो केला होता, आणि तिघांनीही चौथ्या आठवड्यात एक विषय सोडला.

ती मुलगी आता नववीत आहे. मी तिला चिठ्ठ्यांचा संच दिला आणि मधल्या सुट्टीत पिसायला बसवलं. तिने वीस वेळा पिसून वर पाहिलं आणि विचारलं, "मग खात्रीने सांगायला किती रोपं लागतील?" हे मॅडमनी शेवटी घाईत शिकवलं होतं, पण ते मला आठवत होतं. रोपांच्या उंचीतला चढउतार तेवढाच धरला आणि १.४ सेंटिमीटरचा फरक खरंच असला, तर तो पाचांतून चार वेळा पकडायला प्रत्येक ट्रेत साधारण तीस रोपं हवीत. तिने साठ बिया मोजून घेतल्या.

पुढच्या उन्हाळ्यात तीच संस्था रिग्रेशनचा वेगळा अभ्यासक्रम घेणार आहे, शिकवणाऱ्या त्याच मॅडम. मी कार्यालयाला पत्र पाठवून तीन गोष्टी विचारल्या आहेत: चाचणीचे पेपर किती दिवसांत परत मिळतील, बुडालेल्या तासाची काय सोय आहे, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं राहील. ग्रंथालयाचं उत्तर आलंय, संध्याकाळी सातपर्यंत. बाकी दोन उत्तरं आली की नाव घालीन.